निष्कर्षाआधी प्रश्नावली दाखवा: मानसशास्त्रीय नियतकालिकांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मानसशास्त्रीय संशोधन प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकांचे संपादक आणि समीक्षक यांस,

स. न. वि. वि.

तुमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात ‘साधने’ या मथळ्याखाली, मोजमाप कशाने केले हे सांगणारा एक छोटासा परिच्छेद असतो. वाचक त्यावरून नजर फिरवतो आणि थेट निष्कर्ष गाठतो. स्पष्टच लिहायचे तर बरेच समीक्षकही तेच करतात. हे पत्र त्या परिच्छेदाबद्दल आहे.

एकाच विषयावरचे विखुरलेले अभ्यास गोळा करून त्यांचा एकत्रित आढावा घेणे हे माझे काम. या कामात निष्कर्षांपेक्षा ‘साधने’च जास्त वाचावी लागतात, कारण दोन अभ्यासांचे आकडे शेजारी मांडण्याआधी दोघांनी एकच गोष्ट मोजली होती का, हे ठरवावे लागते. आणि तिथे काय वाचायला मिळते? नमुन्यादाखल एक वाक्य देते: ‘कामाचा ताण आठ विधानांच्या मापनीने मोजला (अल्फा = ०.८३).’ बस, एवढेच. वाक्य मी इथे रचले आहे, पण त्याच्या जातीची वाक्ये तुमच्या कोणत्याही अंकात सापडतील.

या वाक्यात काय काय नाही, ते पाहा. आठ विधाने कोणती, ते नाही. ती आधीच्या एखाद्या मापनीतून घेतली की संशोधकाने स्वतः लिहिली, ते नाही. घेतली असतील तर मूळ मापनीत किती विधाने होती, आठच का उचलली, शब्द बदलले का, याचा पत्ता नाही. उत्तरे पाचपैकी निवडायची होती की सातपैकी, प्रश्न गेल्या आठवड्याबद्दल होता की एकूण आयुष्याबद्दल, उलट अर्थाची विधाने होती का, बेरीज घेतली की सरासरी, उत्तरे हाती आल्यावर एखादे विधान गाळले का, यातलेही काही नाही. मग मी लेखकांना पत्र लिहिते. काही जण तत्परतेने प्रश्नावली पाठवतात, त्यांची मी ऋणी आहे. काहींचे उत्तर येत नाही. काही जण सांगतात, फाइल ज्या विद्यार्थ्याकडे होती तो आता इथे नाही.

हा तपशील गौण नाही, आणि या पत्रातला माझा मुख्य मुद्दा हाच आहे. ताण, एकाकीपणा, आक्रमकता, आत्मसन्मान या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा आपला मार्ग म्हणजे विचारलेले प्रश्न किंवा करायला दिलेले काम. त्या अभ्यासापुरती ‘ताण’ या शब्दाची व्याख्या म्हणजे ती आठ विधानेच. ती लपलेली असतील, तर पुढचे सगळे तक्ते कशाबद्दल आहेत हे वाचकाला कळण्याचा मार्गच उरत नाही. आकडे खुले केले, विश्लेषणाचा कोड खुला केला, तरी नाही.

आता त्या कंसातल्या अल्फाकडे येते, कारण आज तुमच्या दारातून आत येण्याचा परवाना तोच झाला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली क्रोनबाख यांनी १९५१ साली हा गुणांक मांडला. विधाने एकमेकांशी किती जुळतात याचा तो अंदाज देतो. मापनी जे मोजायचे म्हणते तेच मोजते का, म्हणजे तिची यथार्थता, याबद्दल तो काहीही सांगत नाही. शिवाय विधानांची संख्या वाढवली की तो आपोआप फुगतो. कागद-पेन घेऊन पडताळून पाहा. कोणत्याही दोन विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबतीने बदलतात याचे माप; शून्य म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.३० असेल, तर पाच विधानांचा अल्फा ०.६८ येतो, दहांचा ०.८१ आणि वीस विधानांचा ०.९०. विधानांचा दर्जा तसूभरही सुधारलेला नाही, ती फक्त वाढली.

याहून चिंताजनक उदाहरण पुढे आहे. समजा एका प्रश्नावलीत दहा विधाने झोपेबद्दल आहेत आणि दहा विधाने वरिष्ठांशी असलेल्या संबंधांबद्दल. प्रत्येक गटात आपापसांत सहसंबंध ०.५०, आणि दोन गटांमध्ये शून्य. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन गोष्टी एका बेरजेत कोंबल्या, तरी वीस विधानांचा अल्फा ०.८६ येतो. हा आकडा घेऊन लेखक तुमच्याकडे येतो, ‘विश्वसनीयता समाधानकारक’, म्हणजे मोजमाप भरवशाचे, असे लिहितो, आणि कुणी थांबवत नाही. खुद्द क्रोनबाख यांच्या मृत्यूनंतर, २००४ साली, त्यांचे या गुणांकाबद्दलचे विचार प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनीच सांगितले की विश्वसनीयता तपासण्याचा सर्वांत योग्य मार्ग म्हणून ते आता अल्फाकडे पाहत नाहीत. आपण मात्र तिथेच थांबलो आहोत.

यावर कुणी म्हणेल, हे कागदावरचे हिशेब झाले, प्रत्यक्षातल्या मापनी इतक्या वाईट नसतात. इयन हसी आणि शॉन ह्यूज यांनी २०२० साली नेमके हेच तपासले. सामाजिक आणि व्यक्तिमत्त्व मानसशास्त्रात सर्रास वापरली जाणारी १५ मापनसाधने (त्यांत मिळून २६ मापनी) त्यांनी फार मोठ्या नमुन्यावर पारखली. केवळ अल्फा पाहिला तर ८८ टक्के मापनी उत्तम ठरत होत्या. मग त्यांनी आणखी काही गोष्टी पाहिल्या: काही काळाने तीच मापनी पुन्हा दिली तर उत्तरे टिकतात का, विधानांची अंतर्गत रचना सांगितल्याप्रमाणे आहे का, वेगवेगळ्या वयाच्या लोकांत आणि स्त्री-पुरुषांत ती सारखीच चालते का. या सगळ्या कसोट्यांवर एकत्रितपणे उतरल्या फक्त ४ टक्के. हा अभ्यास वाचून माझी झोप उडाली होती. या साधनांवर उभ्या असलेल्या अभ्यासांचे काय, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा.

मापन झाकलेले राहिले की आणखी एक गोष्ट घडते. संशोधकाला भरपूर मोकळीक मिळते, आणि ती मोकळीक कुणाला दिसत नाही. दहा विधानांच्या मापनीतून ‘नीट न चालणारी’ दोनपर्यंत विधाने गाळायची मुभा घेतली, तर एकाच माहितीतून ५६ वेगवेगळ्या बेरजा तयार होतात. त्यातली एखादी अपेक्षित दिशेने झुकली तर नवल काय? यात लबाडी असावी लागते असे नाही. प्रामाणिक माणूसही परिणाम पाहिल्यावर ‘हे विधान लोकांना नीट कळले नसावे’ असे मनापासून मानू शकतो.

आक्रमकतेच्या संशोधनातले एक प्रसिद्ध काम घ्या. सहभागी व्यक्तीला सांगितले जाते की पलीकडे एक प्रतिस्पर्धी आहे. संकेत दिसताच जो आधी बटण दाबेल तो जिंकेल, आणि हरणाऱ्याला कर्णकर्कश आवाज ऐकावा लागेल. आवाज किती मोठा आणि किती वेळ, हे सहभागीने ठरवायचे. ही निवड म्हणजेच आक्रमकता, असे गृहीत धरले जाते. पण तिचा आकडा काढायचा कसा? फक्त पहिल्या फेरीचा आवाज घ्यायचा? सगळ्या फेऱ्यांची सरासरी? तीव्रता आणि कालावधी यांचा गुणाकार? की सर्वांत मोठे आवाज किती वेळा निवडले ते मोजायचे? माल्टे एल्सन यांनी हे काम वापरणारे १३० शोधनिबंध तपासले, तेव्हा आकडा काढण्याच्या दीडशेहून अधिक पद्धती निघाल्या. निबंधांपेक्षा पद्धती जास्त! वेगवेगळ्या पद्धतींनी निकाल वेगवेगळे येऊ शकतात, हे एल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे. हे सगळे निबंध तुमच्यासारख्याच संपादकांच्या टेबलावरून गेले.

मोजपट्टी मध्येच बदलली की काय होते, याची मोठी किंमत रुग्णांनी मोजलेली आहे. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकाळ न हटणाऱ्या थकव्याचा आजार, यावरच्या उपचारांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधील ‘पेस’ या चाचणीत ६४१ रुग्ण होते. शारीरिक कार्यक्षमतेची मापनी ० ते १०० गुणांची, गुण जास्त म्हणजे प्रकृती बरी. चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी गुण ६५ किंवा त्याहून कमी हवेत. मूळ आराखड्यात ‘बरे होण्या’साठी या मापनीवर किमान ८५ गुण ठरले होते. २०१३ साली बरे झालेल्यांचे प्रमाण सांगणारा शोधनिबंध आला, तेव्हा ती रेषा ६० वर आलेली होती. म्हणजे ६५ गुणांचा माणूस प्रवेशापुरता आजारी, आणि त्याच गुणांवर बरे होण्याचा हा निकषही पूर्ण करणारा. बदलाची कारणे लेखकांनी त्या निबंधात दिली होती आणि निकष आणखीही होते, हे मान्य. पण ही विसंगती रुग्णांनी लावून धरली, मूळ माहिती लवादाच्या आदेशानंतर २०१६ साली बाहेर आली, आणि आधी ठरलेल्या निकषांनी पुन्हा हिशेब केल्यावर उपचारगटांमधला बरे होण्याच्या प्रमाणातला फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. परीक्षणाच्या वेळी प्रवेशाची अट आणि बरे होण्याची अट कुणी शेजारी ठेवून वाचली असती, तर रुग्णांना हे काम करावे लागले नसते.

नैराश्याच्या मापनाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे आकड्यांवरून औषधे ठरतात. आयको फ्रीड यांनी २०१७ साली नैराश्याच्या सात प्रचलित मापनी एकत्र मांडल्या. त्यांत मिळून ५२ वेगवेगळी लक्षणे निघाली. ४० टक्के लक्षणे कोणत्यातरी एकाच मापनीत होती, तर सातही मापनींत असणारी फक्त १२ टक्के. तरीही दोन अभ्यासांनी यातल्या दोन वेगळ्या मापनी वापरल्या, तर आपण दोन्हींना ‘नैराश्य मोजले’ असेच म्हणतो आणि त्यांचे निष्कर्ष एका तराजूत घालतो.

एका मापनीच्या आत डोकावून पाहू. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली २००१ सालापासून जगभर वापरात आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. ती मोफत आहे आणि तिचा प्रत्येक शब्द कुणालाही वाचता येतो, म्हणूनच मला तिच्यातली उणीव इथे दाखवता येते आहे. तिच्या एका प्रश्नात झोप न लागणे आणि जास्त झोप येणे दोन्ही एकत्र आहेत. दुसऱ्यात भूक मंदावणे आणि अति खाणे. आणखी एकात हालचाली मंदावणे आणि त्याउलट अस्वस्थ येरझारा. आता एक व्यक्ती रात्रभर जागी असते, तिला अन्न जात नाही, ती एका जागी बसू शकत नाही. दुसरी दिवसभर झोपते, सतत खाते, तिला हात उचलणेही जड जाते. या तीन प्रश्नांवर दोघी ‘जवळजवळ रोज’ ही खूण करतील आणि दोघींना नऊ-नऊ गुण मिळतील. उत्तरपत्रिकेवरून त्यांच्यात फरक करता येणार नाही. नैराश्यासाठी उपचार घेणाऱ्या ३,७०३ रुग्णांच्या एका विश्लेषणात फ्रीड आणि रँडॉल्फ नेसी यांना लक्षणांचे १,०३० वेगवेगळे संच आढळले होते. इतकी विविधता एका बेरजेत बसवताना काय गमावले, हे निदान लिहून तरी ठेवायला हवे. प्राथमिक चाळणी म्हणून पीएचक्यू-९ उपयोगी आहे, तिला मोडीत काढा असे मी म्हणत नाही. पण चाळणीसाठी बनवलेल्या साधनाने उपचारांचे बारीक परिणाम मोजायचे असतील, तर ते साधन त्या कामाला योग्य का, याचे उत्तर लेखकाकडून मागणे तुमचे काम आहे.

दोष केवळ प्रश्नावल्यांचा आहे, असेही नाही. स्ट्रूप चाचणी घ्या: रंगाचे नाव वेगळ्याच रंगाच्या शाईत लिहिलेले असते, आणि नाव न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो, म्हणून उत्तर द्यायला उशीर होतो. तिचा परिणाम इतका पक्का आहे की जवळजवळ प्रत्येकात दिसतो. आणि नेमके याच कारणाने माणसामाणसांतला फरक मोजायला ती फारशी उपयोगी पडत नाही. सगळेच सारखे मंदावतात, मग कोण जास्त आणि कोण कमी हे ठरवायला जागा थोडीच उरते. क्रेग हेज आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली हा विरोधाभास नीट मांडला. एका कामासाठी उत्तम असलेले साधन दुसऱ्या कामासाठी आपोआप उत्तम ठरत नाही, म्हणून ‘ही प्रस्थापित चाचणी आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. मोबाइलच्या वापराचेही तसेच. लोकांनी सांगितलेला वापर आणि उपकरणात नोंदलेला वापर यांचा सहसंबंध २०२१ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात सुमारे ०.३८ इतकाच निघाला. मुलांच्या मोबाइलबद्दलचे किती सल्ले निव्वळ सांगोवांगीच्या आकड्यांवर बेतलेले आहेत, याचा विचार करा.

गेल्या दहा-बारा वर्षांत तुमच्यापैकी अनेकांनी फार मोलाचे काम केले आहे. २०१३ सालापासून नोंदणीकृत अहवाल सुरू झाले, म्हणजे निष्कर्ष हाती येण्याआधीच आराखडा स्वीकारण्याची पद्धत. खुल्या माहितीसाठी बिल्ले आले, पारदर्शकतेचे निकष ठरले. २०१५ साली शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल संख्याशास्त्रीय कसोटीवर लक्षणीय होता, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांत. त्या धक्क्यातून विद्याशाखा शिकली. पण ही सुधारणा नमुन्याचा आकार, आधी नोंदवलेली गृहीतके आणि खुली माहिती यांच्याभोवतीच जास्त फिरली. मापन बाजूलाच राहिले. चुकीच्या मापनीने केलेला अभ्यास दहा प्रयोगशाळांनी हुबेहूब पुन्हा केला, तर दहाही ठिकाणी तोच आकडा येऊ शकतो आणि तो आकडा दहाही ठिकाणी चुकीच्या गोष्टीचा असू शकतो. जेसिका फ्लेक आणि आयको फ्रीड यांनी २०२० साली संशयास्पद मापनपद्धतींबद्दल लिहिताना लेखकांनी कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत तेही मांडून ठेवले आहे. नवे काही शोधायची गरज नाही, फक्त ते तुमच्या नियमांत यायला हवे.

म्हणून माझ्या मागण्या. सहभागी व्यक्तीने जे वाचले, ऐकले किंवा केले, ते शब्दशः आणि त्याच क्रमाने, उत्तरांच्या पर्यायांसह, पुरवणीत जोडल्याशिवाय कोणताही शोधनिबंध परीक्षणाला पाठवू नका. अनुवाद वापरला असेल तर तो अनुवाद जोडलेला हवा, आणि त्या भाषेच्या लोकांमध्ये मापनी तशीच चालते याचा पुरावाही हवा. मापनी कुठून घेतली, काय बदलले, का बदलले, हे लेखकाने लिहावे. स्वतः तयार केली असेल तर तसे सरळ सांगावे. त्यात कमीपणा काही नाही, लपवण्यात आहे. विधानांवरून अंतिम आकडा कसा काढला, त्याची पायरीन् पायरी द्यावी, आणि ती पद्धत माहिती गोळा करण्याआधी ठरली की नंतर, हेही. अल्फाचा एकटा आकडा पुरावा म्हणून स्वीकारणे तर आजच बंद करा. आणि प्रत्येक शोधनिबंधासाठी किमान एक समीक्षक असा नेमा, ज्याला केवळ साधनांचाच परिच्छेद तपासायला सांगितलेला असेल.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. शब्दमर्यादा? पुरवणीला ती नसते. स्वामित्वहक्क? काही मापनींची विधाने प्रकाशकाच्या परवानगीशिवाय छापता येत नाहीत, हे खरे. तिथे नेमकी आवृत्ती, वापरलेल्या विधानांचे क्रमांक आणि केलेले बदल देता येतात. आणि दोन मापनी सारख्याच तोलाच्या असतील, तर खुली असलेली निवडा असे लेखकांना तुम्ही सांगू शकता. तरुण संशोधकांवर भार पडेल, हा आक्षेप मी सर्वांत गांभीर्याने घेते. त्यांच्याकडे वेळ नाही, पैसा नाही, आणि नोकरी निबंधांच्या संख्येवर अवलंबून आहे. पण हा भार तुम्हीच हलका करू शकता. मापनीची केवळ पडताळणी करणारे अभ्यास ‘नावीन्य नाही’ म्हणून परत पाठवणे थांबवा. वर्षभर खपून एखाद्या विद्यार्थिनीने दाखवले की अमुक मापनी अमुक गटात चालत नाही, तर त्या कामाला तुमच्या अंकात मानाने जागा मिळू द्या. आणि ‘आमची मापनी या बाबतीत कमकुवत ठरली’ असे जो लेखक प्रामाणिकपणे लिहितो, त्याचा निबंध त्याच वाक्याच्या आधारे नाकारू नका. आज नेमके तेच होते, म्हणून शहाणा लेखक ते वाक्य लिहीतच नाही.

लेखकांसाठीच्या सूचना तुम्ही वेळोवेळी सुधारताच. पुढच्या वेळी त्या सुधारताना वरच्या मागण्यांपैकी कोणत्या स्वीकारता, कोणत्या नाही आणि का, हे तुमच्या संपादकीयातून जाहीरपणे लिहावे, ही विनंती. नकार असला तरी कारणांसह छापा, म्हणजे त्यावर पुढे बोलता येईल.

कळावे,

आपली,
मानसशास्त्रीय संशोधनाची एक अभ्यासक